पंप बदलला तरी स्टेअरिंग जडच? ऑर्बिटल विकत घेण्याआधी हे करून पाहा

दादा, ऑर्बिटलचे (म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याखालच्या हायड्रॉलिक युनिटचे) पैसे अजून दिले नसतील तर थांबा.

तुमच्या प्रश्नातून मला एवढं कळलं: देपालपूरकडे शेती, ४५ हॉर्सपॉवरचा टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर, साडेतीन हजार तास झालेले, पुढे लोडर. सकाळी स्टेअरिंग ठीक असतं, दुपारपर्यंत जड होतं. शेताच्या कडेला पूर्ण वळवून धरलं की पुढची चाकं थांबतात, पण हातातलं स्टेअरिंग हळूहळू फिरतच राहतं. मेकॅनिकने पंप बदलला, थोडा फरक पडला, पण त्रास गेला नाही. आता तो म्हणतो ऑर्बिटल टाका. बोवनी, म्हणजे पेरणी, पंधरा दिवसांवर आली आहे आणि तुम्हाला ट्रॅक्टर उभा ठेवणं परवडणार नाही.

मी इंदूरला देवास नाक्याजवळ एकतीस वर्षं ट्रॅक्टरचंच काम करतोय. दर जूनमध्ये अशा तक्रारी येतात आणि दर जूनमध्ये कुणीतरी चांगलं ऑर्बिटल काढून नवं बसवलेलं असतं. शेतकऱ्याचे हजारो रुपये जातात आणि खोड जिथे होती तिथेच राहते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या वर्णनातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे टोकाला गेल्यावरही फिरत राहणारं स्टेअरिंग. ते का फिरतं हे कळलं की निम्मं काम झालं. पंप टाकीतून ऑइल ओढतो आणि स्टेअरिंगच्या दांड्याखाली बसवलेल्या ऑर्बिटलला देतो. ऑर्बिटलमध्ये दोन भाग असतात. वर स्पूल आणि स्लीव्ह, म्हणजे कोणत्या बाजूला ऑइल जायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह. खाली मीटर, म्हणजे सात खोबणींच्या कड्यात फिरणारा सहा दातांचा गोळा. तुम्ही स्टेअरिंग जितकं फिरवाल तितकंच ऑइल हा मीटर मोजून पुढची चाकं वळवणाऱ्या सिलिंडरकडे पाठवतो. ट्रॅक्टरचं इंजिन बंद असताना हाच मीटर हातपंपाचं काम करतो, म्हणून बंद ट्रॅक्टरही जोर लावून वळवता येतो.

आता विचार करा. चाकं टोकाला अडली, सिलिंडर पुढे सरकत नाही, म्हणजे मीटरने पाठवलेल्या ऑइलला जायला जागा नाही. तरीही स्टेअरिंग फिरतंय. याचा अर्थ ऑइल मीटरच्या आत किंवा मीटरच्या पुढे कुठेतरी निसटतंय. पंप तर मीटरच्या अलीकडे आहे! पंप कितीही थकलेला असला तरी त्याने स्टेअरिंग जड होईल, वळायला वेळ लागेल, पण टोकाला असं घसरत राहणार नाही. रिलीफ व्हॉल्व्हचंही, म्हणजे ठरलेल्या दाबाच्या वरचं ऑइल टाकीत परत सोडणाऱ्या व्हॉल्व्हचंही, तेच. तो कमजोर असेल तर जोर मिळणार नाही, पण स्टेअरिंग टोकाला गच्च थांबेल. नवा पंप जुन्यापेक्षा जास्त ऑइल देतो, त्यामुळे थोडा फरक जाणवला असेल. गळती होती तशीच आहे.

तेव्हा तुमच्या ट्रॅक्टरमध्ये संशयित तीनच उरतात. सिलिंडरच्या पिस्टनचं सील, ऑर्बिटलमधले धक्का सोसणारे दोन छोटे शॉक व्हॉल्व्ह (ते असतील तर), आणि ऑर्बिटल स्वतः. यातलं सील सगळ्यात स्वस्त आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा दोषी. लोडरवाल्या ट्रॅक्टरमध्ये तर नक्कीच, कारण भरलेला बकेट उचलून जागच्या जागी स्टेअरिंग वळवलं की सगळा ताण त्या एका रबरी कड्यावर येतो.

सकाळी ठीक आणि दुपारी जड, हेही याच्याशी जुळतं. गार ऑइल घट्ट असतं, झिजलेल्या फटीतून सहज निसटत नाही. तापलं की पातळ होतं आणि त्याच फटीतून धावतं. उलट तक्रार असती, म्हणजे सकाळी जड आणि तापल्यावर हलकं, तर मी आधी फिल्टर पाहिला असता आणि कुणी जास्त घट्ट ऑइल तर भरलं नाही ना हे विचारलं असतं.

पहिली तपासणी बिनपैशाची आहे, उद्याच करा. स्टेअरिंगच्या कड्यावर एका जागी रंगीत टेप चिकटवा. सकाळी इंजिन सुरू करून, सपाट जागी, लोडर रिकामा आणि खाली ठेवून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे लागतात ते मोजा. जाताना मोजा, येताना मोजा. दुपारी काम करून आल्यावर ऑइल गरम असताना पुन्हा मोजा. हा आकडा हवेतला नसतो, हिशेबाने येतो. समजा सिलिंडर आतून ५० मिमी, दोन्ही बाजूंना निघणारा रॉड २५ मिमी आणि चाल २०० मिमी. रॉडची जागा वजा करून त्यात साधारण २९५ सीसी ऑइल मावतं. ऑर्बिटल एका फेऱ्यात १०० सीसी देणारं असेल तर टोक ते टोक तीन फेरे लागायला हवेत. ८० सीसीचं असेल तर पावणेचार. तुमच्या ट्रॅक्टरचे आकडे वेगळे असतील, पण सकाळचा आकडा आणि दुपारचा आकडा यांच्यात अर्ध्या फेऱ्याहून जास्त फरक पडला तर गळतीचा पुरावा हातात आला. डावीकडे जाताना एक आणि उजवीकडे जाताना दुसरा आकडा येत असेल तर तेही लिहून ठेवा.

कारण एक गोष्ट तुम्ही सांगितलेली नाही: दोन्हीकडे सारखंच जड आहे की एकीकडेच? पंप, फिल्टर, टाकी, रिलीफ व्हॉल्व्ह हे दोन्ही बाजूंना एकच आहेत. त्यामुळे फक्त डावीकडे जड असेल तर यातल्या कशालाही हात लावायचं कारण नाही. मग त्या बाजूचा शॉक व्हॉल्व्ह, त्या बाजूचा होज (दाबाचा रबरी पाइप), वाकलेला सिलिंडर रॉड किंवा ॲक्सलमधली यांत्रिक अडचण पाहायची. पिस्टनचं सील गेलं असेल तर सहसा दोन्हीकडे सारखाच त्रास होतो.

आता सिलिंडरची खरी परीक्षा. ती शेडमध्ये दोन माणसांत होते, पण आधी सावधगिरी. दाबाखालच्या ऑइलची सुईएवढी धारसुद्धा कातडीत घुसते. वरून छोटा ठिपका दिसतो, आत मात्र हाताचं मोठं नुकसान होतं. असं कधी झालं तर दुखत नाही म्हणून घरी बसू नका, तडक इस्पितळात जा आणि डॉक्टरांना ऑइल दाबाने आत गेलंय हे स्पष्ट सांगा. गळती शोधताना बोट फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा.

ट्रॅक्टर सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ठोकळे, लोडर जमिनीवर. ऑइल तापलेलं असू द्या, कारण त्रास गरम असतानाच होतो. स्टेअरिंग पूर्ण डावीकडे नेऊन इंजिन बंद करा. आता सिलिंडरच्या दोन होजपैकी ज्यातून डावीकडे वळताना ऑइल परत येतं तो होज सिलिंडरकडून सोडा. नक्की कोणता ते ऑर्बिटलवरच्या खुणांवरून कळतं, तिथे पी (पंप), टी (टाकी), एल (डावी), आर (उजवी) अशी रोमन अक्षरं कोरलेली असतात. एलमधून डावीकडचा दाब जातो, म्हणजे या तपासणीत आरचा होज सोडायचा. सोडलेल्या होजच्या तोंडाला आट्यांची लोखंडी डमी (बूच) लावा, चिंधी कोंबून काम चालणार नाही. सिलिंडरच्या उघड्या तोंडाखाली स्वच्छ डबा धरा, म्हणजे ठेवा, हात लांब. मदतनीसाने इंजिन मंद चालवून स्टेअरिंग डावीकडेच तीन-चार सेकंद दाबून धरायचं. उजवीकडे अजिबात फिरवायचं नाही.

दोन-चार थेंब आले तर सील ठीक. धार लागली तर पिस्टनचं सील गेलं, आणि तुमचा निकाल तिथेच लागला. काही शे रुपयांच्या सील किटचं काम आहे.

धार लागली नाही तर सिलिंडर निर्दोष. मग दोन्ही होज सिलिंडरकडून सोडून दोघांच्या तोंडाला डमी लावा, इंजिन मंद चालवा आणि नेहमीच्या जोराने स्टेअरिंग फिरवा. ते जवळजवळ गच्च लागलं पाहिजे. अगदी हळू सरकणं चालतं. मिनिटाला किती फेरे चालतात हा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. भराभर फिरलं तर दोष ऑर्बिटलमध्ये किंवा त्याच्या शॉक व्हॉल्व्हमध्ये. शॉक व्हॉल्व्हखाली एखादा कचऱ्याचा कण अडकलेला असला तरी असंच होतं, म्हणून नवं ऑर्बिटल घेण्याआधी ते दोन व्हॉल्व्ह काढून, धुऊन, पुन्हा बसवून बघा. कचऱ्याचा संशय मला तुमच्या बाबतीत जास्त आहे. का, ते सांगतो.

जुना पंप खराब झाला म्हणून काढला ना? मग त्यातून निघालेला लोखंडाचा कीस कुठे गेला? पंप बदलताना टाकी काढून धुतली का, फिल्टर बदलला का, होज डिझेलने धुऊन हवेने फुंकले का, हे त्या मेकॅनिकला विचारा. नुसता पंप बदलून वर ऑइल टाकलं असेल तर जुन्या पंपाचा कीस आता ऑर्बिटलच्या स्पूलमध्ये फिरतोय आणि तुमचा नवा पंपही त्याच कीसावर चालतोय. टाकीच्या तळाला एक लोहचुंबक तारेला बांधून फिरवा. काळपट लोण्यासारखा गाळ चिकटला तर आधी सगळं धुवायचं, मग बाकीचं. हे मी कळकळीने सांगतो, कारण एकाच ट्रॅक्टरचे वर्षात तीन पंप गेलेले मी पाहिलेत. प्रत्येक वेळी पंपालाच दोष दिला गेला आणि टाकी एकदाही उघडली नव्हती.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे. गव्हाच्या कापणीनंतर एप्रिल-मेमध्ये भुसा मशीन चालतं तेव्हा सगळा ट्रॅक्टर बारीक भुशाने आणि धुळीने माखतो. टाकीच्या झाकणाला श्वास घेण्यासाठी छोटं भोक असतं. त्यावर फेस किंवा जाळी नसेल तर ती धूळ सरळ ऑइलमध्ये. झाकण उघडण्याआधी आजूबाजूचं पुसायची सवय कुणालाच नसते. पावसाआधी आलेल्या ट्रॅक्टरच्या टाकीत मला हमखास भुसा सापडतो.

समजा या दोन्ही तपासण्यांत काहीच निघालं नाही आणि नुसताच जडपणा उरला, तर प्रेशर गेज लावल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. गेज पंप आणि ऑर्बिटलच्या मधल्या लाइनवर तीन तोंडांचा टी-जोड लावून बसवायचं, २५० बारपर्यंतचं. ऑइल गरम, इंजिन साधारण १५०० आरपीएम, स्टेअरिंग टोकाला नेऊन दोन-तीन सेकंद धरायचं आणि आकडा वाचायचा. तो किती असावा हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, पुस्तकात बघा, दुसऱ्या ट्रॅक्टरचा आकडा इथे लावू नका. आकडा कमी आला तर एक साधी खूण आहे. मंद इंजिनवर खूप कमी आणि रेस वाढवल्यावर चढत जातो, तर ऑइल कमी पडतंय, म्हणजे पंप किंवा त्याची ओढ. रेस कितीही करा, आकडा एकाच खालच्या जागी अडतो, तर रिलीफ व्हॉल्व्ह. आणि स्टेअरिंग सरळ, हात सोडलेला असतानाच गेज बराच वर उभा असेल तर परतीची लाइन कुठेतरी दबली किंवा तुंबली आहे.

रिलीफ व्हॉल्व्ह काही ट्रॅक्टरमध्ये पंपात असतो, काहींत ऑर्बिटलमध्ये. म्हणूनच पंपाची ताकद बघायला त्याचं तोंड डमी लावून बंद करायचं नाही. व्हॉल्व्ह ऑर्बिटलमध्ये असेल तर बंद तोंडाच्या पंपाला दाब सोडायला वाटच उरत नाही आणि तो फुटतो. रिलीफ व्हॉल्व्ह आधी खोलून धुवा, त्याची गोळी आणि बसण्याची जागा भिंगाखाली पाहा, स्प्रिंग तुटली का पाहा. गेज न लावता त्याचा स्क्रू आवळणारे पुष्कळ आहेत. स्टेअरिंग त्या दिवशी हलकं होतं, शेतकरी खूश होऊन जातो, आणि मग एखाद्या दिवशी भर रस्त्यावर, कांद्याने भरलेली ट्रॉली मागे असताना, होज फुटतो. चोइथराम मंडीच्या रस्त्यावर पहाटे किती ट्रॉल्या असतात तुम्हाला माहीत आहे. स्टेअरिंगचा होज हा ब्रेकइतकाच जिवाचा भाग आहे. सांवेर रोडला होज दाबून देणारे आहेत, त्यांना पाण्याचा किंवा हवेचा पाइप नको, हायड्रॉलिकचा, तारेच्या जाळीचा होज हवा हे सांगून, ट्रॅक्टरचा दाब सांगून घ्या.

ओढीच्या पाइपबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तो सगळ्यांना फसवतो. टाकीपासून पंपापर्यंतच्या पाइपमध्ये दाब नसतो, ओढ असते. तिथे फट पडली तर बाहेर एक थेंबही दिसत नाही, उलट हवा आत जाते. लक्षणं अशी: पंप कण्हल्यासारखा आवाज करतो, टाकीत फेस येतो, स्टेअरिंग मधेच हलकं, मधेच जड, आणि वळवताना हाताला हिसके बसतात. संशय आला तर इंजिन मंद चालू ठेवून एकेका जोडावर भरपूर ग्रीस थापा. ज्या जोडावर ग्रीस लावल्यावर आवाज बदलला तिथे फट. काही वर्षांपूर्वी सांवेरचा एक ट्रॅक्टर आला होता, पंप नवा, ऑर्बिटल नवं, फिल्टर नवा, तरी तापला की जड. बाहेरून पाइप अगदी धडधाकट. कापून पाहिला तेव्हा आतला रबरी थर सुटून जिभेसारखा लोंबत होता. इंजिन मंद असताना ऑइल जायचं, रेस दिली की ओढीने ती जीभ तोंडावर बसायची. हातभर पाइपसाठी त्या माणसाने दोन महागडे भाग विकत घेतले होते. तेव्हापासून मी जुना ओढीचा पाइप बोटांनी दाबून पाहतो. लोण्यासारखा मऊ झाला असेल तर कारण न विचारता बदलतो.

ऑइल पांढुरकं दिसलं तर काचेच्या बाटलीत काढून अर्धा-एक तास ठेवा. वर स्वच्छ झालं तर हवा होती. दुधासारखंच राहिलं किंवा तळाला पाणी बसलं तर पाणी आहे, आणि ते सगळं काढून टाकायचं.

ऑइल कोणतं भरायचं याचं एकच उत्तर सगळ्या ट्रॅक्टरना नाही. काहींत स्टेअरिंगची टाकी स्वतंत्र असते, काहींत मागच्या हायड्रॉलिकचंच ऑइल वापरतात. पुस्तकात लिहिलेलंच भरा. पण काय भरू नये ते नक्की सांगता येतं. ब्रेक ऑइल कधीही नाही. स्टेअरिंगची सीलं साधारणपणे नायट्राइल रबराची असतात, ब्रेक ऑइलने ती फुगतात आणि काही दिवसांत सगळी मशीन गळायला लागते. इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल गाळूनसुद्धा नाही. गावात दोन्ही प्रकार होतात, म्हणून विचारतो: मधल्या काळात ड्रायव्हरने काय ओतलं, हे एकदा त्याला शांतपणे विचारा. रागावलात तर खरं सांगणार नाही.

हायड्रॉलिकचा एकही होज सोडण्याआधी पुढची बाजू जॅकवर उचला आणि ॲक्सलखाली भक्कम स्टँड लावा. सिलिंडरची पिन काढून चाकं हाताने डावी-उजवीकडे ढकला. ती सहज झुलली पाहिजेत. अडखळली, करकरली तर किंग पिनचं (ज्या उभ्या पिनवर चाक वळतं तिचं) बेअरिंग किंवा बुश सुकलं आहे, आणि पंप-ऑर्बिटल काहीही बदललं तरी स्टेअरिंग जडच राहणार. आपल्या काळ्या मातीत हे फार होतं. पावसाळ्यात चिखल ग्रीसच्या निपलवर लिंपला जातो, सुकला की दगड होतो, ग्रीसगन लावली की ग्रीस बाजूने बाहेर येतं आणि वाटतं की भरलं. निपल काढून, आतली वाट तारेने मोकळी करून मग ग्रीस भरा, जुनं काळं ग्रीस खालून बाहेर येईपर्यंत. पुढच्या टायरमध्ये हवा किती आहे हेही पाहा. ६.००-१६ च्या टायरला साधारण ३० पीएसआयच्या आसपास लागते, नेमका आकडा पुस्तकात असतो. लोडरच्या वजनाने टायर बसले असतील तर तेवढ्यानेही हात दुखतो.

लोडरचा विषय निघालाच आहे तर, बोवनीला तो उतरवून ठेवा. पेरणीयंत्राला त्याचा काही उपयोग नाही, आणि ते वजन दिवसभर पुढच्या ॲक्सलवर, टायरवर आणि त्याच सीलवर बसून राहतं.

रस्त्यावर ट्रॅक्टर आपोआप एकीकडे ओढत असेल किंवा सारखा सावरावा लागत असेल, तर तो वेगळा प्रश्न. त्यात आधी टाय रॉडचे बॉल जॉइंट, किंग पिनचे बुश आणि हबची बेअरिंग हलवून पाहायची, मग चाकांचं टो-इन, म्हणजे पुढून आत झुकलेली ठेवण. पण स्टेअरिंग सोडल्यावर ते स्वतःहून फिरायला लागलं, तर त्याच क्षणी इंजिन बंद करा आणि तो ट्रॅक्टर चालवू नका. ऑर्बिटलमधल्या मध्यावर आणणाऱ्या पट्टी-स्प्रिंगा तुटल्या आहेत, स्पूल अडकला आहे, वरचा दांडा तिरका बसून त्याला दाबतोय, किंवा कुणी ऑर्बिटल चुकीचं जोडलं आहे.

ही शेवटची चूक माझ्या हातून झालेली आहे. शिकाऊ होतो, उस्तादांच्या गैरहजेरीत एक ऑर्बिटल खोलून सील बदललं. सहा दातांचा गोळा पुन्हा बसवताना त्याची दातांमधली खोबण आतल्या दांड्याच्या खाचेशी जुळवायची असते, हे मला ठाऊक नव्हतं. कुठल्याही खाचेत तो बसतो, अडत नाही, दिसायला सगळं बरोबर दिसतं. इंजिन सुरू केलं आणि स्टेअरिंग विजेच्या वेगाने गरगर फिरलं. माझा अंगठा त्याच्या आऱ्यात होता. हाड मोडलं, महिनाभर पट्टी होती. तेव्हापासून माझ्या शेडमध्ये ऑर्बिटल खोलण्याआधी प्रत्येक थरावर एका बाजूने खूण केली जाते, आणि जोडल्यावर पहिल्यांदा इंजिन सुरू करताना पुढची चाकं उचललेली असतात आणि स्टेअरिंगवर कुणाचाही हात नसतो. तुमचा मेकॅनिक ऑर्बिटल खोलणार असेल तर त्याला ही एक गोष्ट विचारा. त्याने खोबण आणि खाच जुळवण्याबद्दल स्वतःहून सांगितलं तर निर्धास्त द्या.

ऑर्बिटल खोललंच तर निकाल डोळ्यांनी आणि नखाने लागतो. नुसतं वरून, दांड्याच्या बाजूने गळत असेल तर सील किटने काम होतं. स्पूल आणि स्लीव्हवर नख अडेल इतका ओरखडा असेल तर ते गेलं. ही जोडी एकमेकांवर घासून तयार केलेली असते, दुसऱ्या ऑर्बिटलचा स्पूल यात चालत नाही, आणि पॉलिश पेपर मारून तर कधीच सुधारत नाही, गळती वाढते. धुताना डिझेल, पुसायला सुती चिंधी नको, धागे आत राहतात. हवेने सुकवा. ओ-रिंग (सीलच्या रबरी कड्या) इंदूरच्या सियागंज बाजारात सुट्या मिळतात, पण नुसत्या बाहेरच्या मापावर घेऊ नका, जाडी मोजा आणि ऑइलला टिकणारं रबर आहे ना ते विचारून घ्या. शक्यतो किटच घ्या. आणि जोडताना पी च्या तोंडातली छोटी स्टीलची गोळी विसरू नका. धुताना ती घरंगळते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ती नसेल तर वळवताना चाकांकडून येणारे धक्के हातातल्या स्टेअरिंगला बसतात.

काहीही खोललं-जोडलं की हवा काढावी लागते. पुढची चाकं उचलून, टाकी भरून, इंजिन मंद ठेवून, स्टेअरिंग सावकाश एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्या, आठ-दहा वेळा. टोकाला दाबून धरू नका. मधेमधे टाकीत ऑइल बघा, कमी झालं की भरा. फेस बसला, हिसके थांबले की चाकं खाली घ्या आणि पुन्हा तेच करा. ड्रायव्हरलाही सांगा, एरवीसुद्धा टोकाला दाबून धरायचं नाही. तेव्हा सगळं ऑइल रिलीफ व्हॉल्व्हमधून जातं आणि मिनिटाभरात तापतं. तुमचं दुपारचं जडपण लोडरवर काम करताना याच सवयीने वाढत असणार.

पुस्तक हरवलं असेल तर त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल डीलरकडे बघायला मागा. आपल्याच राज्यात, सिहोर जिल्ह्यात बुदनीला ट्रॅक्टरची चाचणी घेणारी केंद्र सरकारची संस्था आहे. तिच्या अहवालात मॉडेलच्या स्टेअरिंगची तांत्रिक माहिती असते, तीही कामाला येते.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा. उद्या सकाळ-दुपार फेरे मोजा आणि दोन्ही बाजूंचे आकडे लिहा. त्याच संध्याकाळी टाकीत चुंबक फिरवा. परवा ॲक्सल उचलून चाकं हाताने झुलवा आणि सिलिंडरची धार पाहा. धार लागली तर सिलिंडर काढून इंदूरला घेऊन या, ट्रॅक्टर आणायची गरज नाही. येताना सिलिंडरवर ठोकलेला नंबर खोडू नका, किट त्यावरूनच मिळतं. सील बदलताना आतल्या नळीवर उभा ओरखडा आहे का ते मी स्वतः उजेडात पाहीन, कारण ओरखडा असेल तर नवं सील पंधरा दिवसही टिकणार नाही आणि तुमच्याकडे नेमके पंधराच दिवस आहेत. धार लागली नाही तर चारही आकडे आणि ऑर्बिटलच्या पट्टीवरचा नंबर कळवा, मग पुढचं बोलू.